अण्णांना न झालेला सेप्सिस आणि मेडिक्लेमचे साडेपाच महिने

गेल्या काही महिन्यांत चारपाच जणांनी फोन करून एकच विचारलं, "तुमचा क्लेम रिजेक्ट झालता ना, मग पैसे कसे काय मिळाले?" प्रत्येकाला अर्धा तास तेच सांगण्यापेक्षा एकदाचं लिहून टाकतो. मी सेलूला एका जिनिंगमध्ये हिशेब बघतो. डॉक्टर नाही, विम्याचा एजंट नाही. कागद वाचायची सवय आहे, तेवढीच. आणि आधीच सांगतो, या सगळ्यात पहिली चूक माझी होती. कुठे झाली ते पुढे येईलच.

२०२४ चा सप्टेंबर. पोळ्याला जो पाऊस झाला त्याने परभणी जिल्ह्यात शेतं, रस्ते, पूल सगळं पाण्याखाली घातलं आणि पाणी ओसरलं तसे घरोघर ताप सुरू झाले. आमच्याकडे महालक्ष्म्या उठल्या त्या दिवशी, १२ तारखेला, अण्णांना थंडी वाजून ताप आला. अण्णा म्हणजे माझे वडील, वय ६७. गावातल्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी ताप उतरायचा आणि रात्री पुन्हा चढायचा. मग खोकला लागला. रविवारी रात्री आई म्हणाली, "अण्णा जेवना गेलेत. नुसता चहाच मागायलेत." सोमवारी, १६ तारखेला, पहाटेच गाडी केली आणि संभाजीनगर गाठलं. मेव्हणा तिथे असतो, त्याच्या ओळखीचा दवाखाना. गाडीचे ४,००० झाले.

डॉक्टर भले माणूस वाटले. घाई न करता छाती तपासली, बोटाला यंत्र लावलं तर ऑक्सिजन ९६, बीपी मात्र १५८/९४. म्हणाले, "व्हायरल दिसतंय. थोडा ब्राँकायटिस आहे. रक्त तपासू, आत्ता दोन सलाईन लावू, संध्याकाळी बरं वाटलं तर घेऊन जा. दोन दिवसांनी दाखवा."

यावर मी जे बोललो ते असं : "साहेब, ॲडमिट केलं तर मेडिक्लेममध्ये बसेल ना?"

आमच्या पॉलिसीत, आणि बहुतेकांच्या पॉलिसीत, ओपीडीचा खर्च मिळत नाही. काही ठरावीक उपचार सोडले, तर सलग २४ तास दवाखान्यात भरती असाल तरच ती "हॉस्पिटलायझेशन" ठरते. म्हणजे संध्याकाळी घरी नेलं तर चारपाच हजार माझ्या खिशातून आणि दोन दिवस ठेवलं तर सगळं कंपनीच्या. डिसेंबर २०२१ पासून हप्ता भरत होतो, एक रुपयाचा क्लेम नव्हता. माझ्यातला हिशेबनीस बोलून गेला. डॉक्टर क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "लांबून आलात, वय आहे. ठेवू दोन दिवस." आणि केसपेपरवर सही केली.

खाली मेडिक्लेमची वेगळी खिडकी होती. तिथे पंचविशीतला एक पोरगा तीन कंपन्यांचे पोर्टल एकाच वेळी उघडून बसलेला. आधार, पॅन, पॉलिसी कार्ड घेतलं, १०,००० डिपॉझिट भरून घेतलं आणि कॅशलेसचा, म्हणजे बिल थेट कंपनीने भरावं असा, अर्ज पाठवला. आजाराच्या रकान्यात "ॲक्यूट फेब्राइल इलनेस", म्हणजे साध्या भाषेत ताप. संध्याकाळी कंपनीची क्वेरी आली : भरतीची गरज काय ते सिद्ध करा, ही भरती केवळ तपासण्यांसाठी दिसते. पोरगा म्हणाला, "काका, नुसत्या तापावर पास होत नाही. मी वर बोलतो."

कंपनीचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं, हे मला नंतर कळलं. विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांना जे ठरावीक अपवाद लावून दिलेत त्यातला चौथा हाच आहे : केवळ तपासणी आणि निदानासाठीची भरती मिळत नाही. आपल्या पॉलिसीच्या पुस्तकात "एक्सल ०४" शोधा, सापडेल.

दुसऱ्या दिवशी १७ सप्टेंबर. मुक्तिसंग्राम दिन आणि नेमकी त्याच दिवशी अनंत चतुर्दशी. सकाळी सिद्धार्थ उद्यानात मुख्यमंत्र्यांचं ध्वजारोहण म्हणून रस्ते बंद, संध्याकाळी विसर्जनाचे ढोल. मेव्हण्याच्या घरून डबा यायला दोन तास लागले. अण्णांचा ताप मात्र त्या दिवशी सकाळीच उतरला होता. दुपारी खिडकीवर बोलावलं. पोरग्याने नवा कागद दाखवला : "एलआरटीआय विथ सेप्सिस". एलआरटीआय म्हणजे खालच्या श्वसनमार्गाचा संसर्ग. तासाभरात २५,००० चं अप्रूव्हल आलं. मला आनंद झाला. मी त्या पोराला चहा पाजला. हेही इथे लिहून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून वाटेल की मी बिचारा होतो.

सेप्सिस म्हणजे काय, मला तेव्हा माहीत नव्हतं. मोठा शब्द आहे, काम झालं, एवढंच कळलं. संसर्गाने शरीराचे अवयव बिघडायला लागतात ती जिवावर बेतणारी अवस्था, हे नंतर वाचलं.

मग दोन दिवसांचे चार झाले. १८ ला छातीचा एचआरसीटी, म्हणजे बारकाईचा सीटी स्कॅन. १९ ला "अजून एक दिवस अँटिबायोटिक जाऊ द्या." अण्णा कॉटवर बसून समोरच्या पेशंटच्या नातेवाइकांशी सोयाबीनच्या भावाची चर्चा करायचे. २० तारखेला, शुक्रवारी, सकाळी ११ ला डिस्चार्ज सांगितला. बिल ८४,६००. त्यात खोलीचे रोज ३,५०० प्रमाणे १४,०००, डॉक्टरांच्या फेऱ्या १२,०००, नर्सिंगचे ४,८००, तपासण्या २२,३००, औषधं २८,४०० आणि हातमोजे, सिरिंज वगैरे किरकोळ ३,१००. खोली घेताना एक बरं केलं होतं : आमच्या पॉलिसीत खोलीभाडं विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे पाच लाखांवर रोज ५,०००. त्याच्या वरची खोली घेतली की फक्त भाड्यातला फरक जात नाही, डॉक्टरांची फी वगैरेही त्याच प्रमाणात कापतात. भरती होताना एवढं तरी विचारून घ्या.

दीडपर्यंत काही नाही. मग क्वेरी : रक्तदाब कधीपासून? पहिल्या तपासणीचे कागद द्या. आमच्याकडे असले कागद असणार कुठून? अण्णांनी जन्मात बीपीची गोळी घेतलेली नाही. खिडकीवरच्या पोराने काहीतरी लिहून पाठवलं. साडेपाचला पत्र आलं : कॅशलेस नामंजूर, रीइंबर्समेंटसाठी कागद सादर करावेत. म्हणजे बिल आधी आपण भरायचं, मग कंपनीकडे मागायचं. डिपॉझिट वजा जाता ७४,६०० मेव्हण्याच्या कार्डावर भरले. बहिणीसमोर त्याला कार्ड काढायला लावताना माझी मान वर होत नव्हती.

नंतर वाचलं, की मे २०२४ च्या परिपत्रकाने नियामकाने कॅशलेसच्या पहिल्या उत्तरासाठी एक तास आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीसाठी तीन तास ठरवून दिलेत. तीन तासांच्या पुढे खोळंबा झाला आणि दवाखान्याने त्यापायी जास्तीचे पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे. पण मधे क्वेरी आली की घड्याळ कुणाचं कुठे थांबतं हे त्या खिडकीपाशी उभं राहून कुणालाच सांगता येत नाही.

घरी आलो. अण्णांनी डिस्चार्ज कार्ड चष्मा लावून वाचलं. "सेप्सिस म्हंजी का रं?" मी म्हणालो, "रक्तात इन्फेक्शन." अण्णा गंभीर झाले. चार दिवसांत पारावर सगळ्यांना माहीत झालं.

फाइल लावायला दहा दिवस गेले. क्लेम फॉर्मचे दोन भाग असतात. भाग अ आपण भरायचा, भाग ब दवाखान्याने. मी भाग अ तीनदा तपासला आणि भाग ब शिक्का आहे ना एवढं बघून लावून टाकला. जिनिंगमध्ये कुणी असं बिल पास केलं असतं तर मी त्याला बोललो असतो. भाग ब मध्ये आजारांच्या कोडचा एक तक्ता असतो : मुख्य निदान, जादा निदान, सहव्याधी. प्रत्येकापुढे छोट्या चौकोनांत कोड. आमच्या कागदावर पहिल्या ओळीत ए४१.९, दुसऱ्या ओळीत जे२२, तिसऱ्या ओळीत आय१०. दवाखान्यातून निघायच्या आधी हे चौकोन वाचा. फोनवर कोड टाकला की अर्थ लगेच कळतो. हे कोड जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीच्या दहाव्या आवृत्तीतले. ए४१.९ म्हणजे सेप्सिस, जंतू कोणता ते ठरलं नाही असा. जे२२ म्हणजे खालच्या श्वसनमार्गाचा संसर्ग. आय१० म्हणजे उच्च रक्तदाब. आणि साधा, कारण न कळलेला ताप असेल तर त्याला आर५०.९. आर५०.९ वर आम्ही सोमवारी गेलो, मंगळवारी ए४१.९ झालो.

३० सप्टेंबरला स्पीड पोस्टाने फाइल पाठवली. पाठवण्याआधी पानन् पान झेरॉक्स आणि फोनमध्ये स्कॅन. आमच्या पॉलिसीत भरतीच्या आधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवसही धरतात, म्हणून गावातल्या डॉक्टरांची बिलंही जोडली. १४ ऑक्टोबरला परत तीच रक्तदाबाची क्वेरी. आम्ही लिहून दिलं, त्रास नव्हता. लक्ष्मीपूजन झालं, आणि ६ नोव्हेंबरला पत्र आलं. दवाखान्याच्या कागदांनुसार रुग्णाला पाच वर्षांपासून उच्च रक्तदाब आहे, पॉलिसी घेताना ही बाब लपवली, सबब दावा फेटाळण्यात येत आहे. खाली आणखी एक ओळ : पॉलिसी रद्द करण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवत आहे.

ती खालची ओळ वाचून पोटात गोळा आला. ८४,००० गेले तर गेले, पण ६७ वर्षांच्या माणसाला आता नवी पॉलिसी कोण देणार? सलग ६० महिने पॉलिसी चालली की मग लपवाछपवीच्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून. एप्रिल २०२४ पर्यंत ही मुदत आठ वर्षं होती, ती पाच झाली. आमचे तेहतीसच महिने भरत होते.

"पाच वर्षं" आले कुठून? डिस्चार्ज कार्डावर तर फक्त "एचटीएन", म्हणजे उच्च रक्तदाब, एवढंच होतं. म्हणजे आतल्या कागदांत असणार. त्यांना आयपीडी पेपर म्हणतात, किंवा आयसीपी. डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सचा तापाचा तक्ता, औषधांचा तक्ता, सगळं त्यात असतं. ते आपणहून आपल्याला देत नाहीत, कंपनीला मात्र जातात.

११ नोव्हेंबरला रेल्वेने गेलो, अर्ज दिला. "रेकॉर्डवाले मॅडम गुरुवारी असतात." गुरुवारी गेलो तर, "मोठ्या साहेबांची सही लागेल." तिसऱ्यांदा गेलो तेव्हा अर्ज नव्याने लिहून नेला. त्यात एवढंच घातलं, की भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीतल्या १.३.२ या कलमाप्रमाणे रुग्णाने मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली. आवाज चढवला नाही. पोच मिळाली आणि २५ तारखेला कागदही मिळाले. ६४ पानं, पानाला ५ रुपये, ३२०. दर गुरुवारी जाण्यापेक्षा पहिल्याच दिवशी पोच घेतली असती तर दोन खेपा वाचल्या असत्या.

येताना गाडीत खिडकीशी बसून वाचत आलो. जालना मागे पडेपर्यंत पहिली वीस पानं झाली होती.

पहिलं पान निळ्या शाईत, कुणा निवासी डॉक्टरांचं, गिचमिड पण वाचता येणारं. ताप चार दिवस, खोकला दोन दिवस, बीपी १५८/९४, आणि त्याखाली स्पष्ट : पूर्वीचा कोणताही आजार नाही. पाचवं पान दुसऱ्या दिवसाचं, काळ्या शाईत, वेगळं अक्षर : "के/सी/ओ एचटीएन ५ इयर्स". के/सी/ओ म्हणजे आधीपासून माहीत असलेला रुग्ण. मधल्या चोवीस तासांत अण्णांना पाच वर्षांचा रक्तदाब झाला होता. आणि ते पाचवं पान १७ तारखेचं, म्हणजे क्वेरीचं उत्तर गेलं त्याच दुपारचं. सेप्सिस हा शब्दसुद्धा पहिल्यांदा तिथेच येतो.

मग नर्सचा तक्ता. पहिल्या रात्री १०१.२. मंगळवारी सकाळी ९८.८. त्यानंतर चार दिवस तापाची रेघ जी सरळ गेलीय ती जमिनीच्या सपाटीसारखी. नाडी ८४, ८०, ७८. रक्तातल्या पांढऱ्या पेशी ९,२००, नेहमीच्या मर्यादेत. ब्लड कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, काहीही वाढलं नाही. दर पाळीच्या शेवटी नर्सने लिहिलंय, रुग्ण आरामात, जेवण घेतले. १९ तारखेच्या रात्री : "पेशंट व्हरांड्यात फिरत होता, सूचना दिल्या." ते वाचून मला एकट्यालाच हसू आलं. समोरचा माणूस बघायला लागला.

सेलूच्या डॉक्टरांना तो तक्ता दाखवला. ते तीस वर्षं अण्णांना ओळखतात. त्यांनी सगळा बघितला आणि म्हणाले, "सेप्सिसचा पेशंट असा व्हरांड्यात फिरत नसतो." बीपी घेतलं : १३६/८४. तापात आणि घाबरलेल्या अवस्थेत बीपी चढतं, म्हणाले. त्यांनी लेटरहेडवर लिहून दिलं की या रुग्णाला आपण इतकी वर्षं तपासत आहोत, रक्तदाबाचे निदान किंवा औषध कधीही दिलेले नाही.

असं का होतं हे त्या रात्री फोनवर शोधत बसलो. ही भानगड आपल्याकडचीच नाही. अमेरिकेत १९८३ पासून म्हाताऱ्या माणसांच्या सरकारी विम्यात, मेडिकेअरमध्ये, दवाखान्याला बिलाप्रमाणे पैसे मिळत नाहीत. निदानांचे गट पाडलेत, डीआरजी म्हणतात, आणि ज्या गटात पेशंट बसेल त्या गटाची ठरलेली रक्कम मिळते. डोनाल्ड सिम्बोर्ग नावाच्या डॉक्टरांनी त्याच्या दोन वर्षं आधीच, १९८१ मध्ये लिहून ठेवलं होतं, की पैसे निदानाला चिकटवले की निदानं हळूहळू वरच्या पैशाकडे सरकू लागतील. या सरकण्याला त्यांनी दवाखान्यातच जडणारा नवा आजार म्हटलं. तसंच झालं. नव्वदच्या दशकात तिथल्या सरकारने साध्या न्यूमोनियाला अवघड न्यूमोनियाचा कोड लावणाऱ्या दवाखान्यांकडून पैसे परत वसूल केले.

आपल्या खासगी मेडिक्लेममध्ये गाडी जरा वेगळ्या रुळावर आहे, असं मला हिशेबाच्या नजरेने वाटतं. इथे बहुतेक बिल अजून कलमवार लागतं. कोड बदलला म्हणून रक्कम थेट वाढत नाही. पण कोडावर दार उघडतं की नाही ते ठरतं. ताप म्हटलं की बंद, सेप्सिस म्हटलं की उघडं. आणि एकदा आत गेलं की मग शब्दाला साजेशा तपासण्या आणि दिवस आपोआप येतात. सेप्सिस लिहिला म्हणजे दोन दिवसांत सोडता येत नाही, एचआरसीटी करावा लागतो, भारी अँटिबायोटिक द्यावं लागतं. २२,३०० आणि २८,४०० हे आकडे त्या शब्दाच्या पोटातून आले. महात्मा फुले योजना आणि आयुष्मान भारतमध्ये पॅकेज, म्हणजे उपचाराला ठरलेली रक्कम, असतं, तिथे ओढ पॅकेजच्या निवडीकडे असणार. आमची ती वाट नव्हती म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

आता डॉक्टरांकडे जायचं होतं. २८ नोव्हेंबरला गेलो. ओपीडी संपेपर्यंत थांबलो, अडीच वाजले. पहिलं पान आणि पाचवं पान शेजारी शेजारी ठेवलं. त्यांनी दोन्ही वाचली आणि पाचव्या पानावर बराच वेळ थांबले.

"हे माझं अक्षर नाही."

"सही आहे साहेब."

"सही आहे." थोडा वेळ गेला. "रक्तदाबाचं मी दुरुस्त करून देतो. पूर्वीचा इतिहास नाही, भरतीच्या वेळी वाढलेला आढळला. खरं तेच आहे."

मी म्हणालो, "आणि सेप्सिस?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काढतो. पण मग कंपनी विचारेल, ॲडमिट कशाला केलं? तुमचे सगळेच जातील. लोक म्हणतात क्लेममध्ये बसवा, कंपनी म्हणते कारण दाखवा. ओपीडीत बरं होणाऱ्याला कुणी पैसे देत नाही. बोला, काय लिहू?"

सोमवारी सलाईन लावून घरी न्या म्हणणारे हेच होते. त्यांना ते आठवत होतं की नाही, माहीत नाही. मला आठवत होतं.

मी म्हणालो, "रक्तदाबाचं तेवढं द्या."

या वाक्याबद्दल मला अजून बरं वाटत नाही. खोट्या दोन ओळींपैकी जी मला नडत होती ती मी खोडून घेतली आणि जी कामाची होती ती राहू दिली. बायको म्हणाली, "मग त्यांच्यात नि आपल्यात काय फरक?" मी तिला उत्तर दिलं नाही. मेव्हण्याचे ७४,६०० द्यायचे होते.

२ डिसेंबरला दुरुस्तीचं पत्र मिळालं. हे पत्र कसं असावं ते सांगतो, कारण पहिल्यांदा त्यांनी नुसतं "चुकून लिहिले गेले" असं दोन ओळींत दिलं होतं आणि मी ते बदलून घेतलं. त्यात रुग्णाचं नाव, आयपीडी नंबर, चूक कोणत्या तारखेच्या कोणत्या पानावर आहे, बरोबर नोंद काय आणि ती कोणत्या पानाशी जुळते, हे सगळं हवं. उपचार करणाऱ्या डॉक्टरांची सही, नोंदणी क्रमांक, शिक्का. शिवाय अण्णांचं प्रतिज्ञापत्र केलं. शंभराचा स्टॅम्प ऑक्टोबरात पाचशेचा झालेला, नोटरीचे वेगळे. अण्णा नोटरीसमोर सही करताना म्हणाले, "बीपी नाही म्हणून बी लिहून द्यावं लागायलंय का आता?"

४ डिसेंबरला कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल केला आणि त्याच दिवशी नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर नोंदवलं. पोर्टलचा टोकन नंबर मिळाला की कंपनी निदान उत्तर तरी देते. दोन आठवड्यांची मुदत असते, बरोबर चौदाव्या दिवशी उत्तर आलं : निर्णय कायम. पत्र वाचलंय असं वाटत नव्हतं. जुन्याच पत्राची तारीख बदललेली.

मग विमा लोकपाल. मराठवाड्याचं काम पुण्याच्या कार्यालयाकडे आहे, पण पुण्याला जावं लागलं नाही, तक्रार ऑनलाइन होते. फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात. आधी कंपनीकडे तक्रार केलेली पाहिजे आणि तिने नकार दिला पाहिजे किंवा महिनाभर उत्तर नाही असं पाहिजे. कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. २ जानेवारी २०२५ ला अर्ज केला. मजकूर एका पानात बसवला : भरतीची तारीख, नकाराचं कारण, पहिलं पान, पाचवं पान, दुरुस्तीचं पत्र, गावच्या डॉक्टरांचं पत्र. खिडकीवर काय झालं, ढोल किती वाजत होते, मला किती मनस्ताप झाला, यातलं काही नाही. आधीच्या मसुद्यात होतं, चार पानं झाली होती. ती फाडली.

दहाबारा दिवसांनी संमतीचा एक फॉर्म आला तो सही करून पाठवला. मग शांतता. जानेवारीत जिनिंगचा हंगाम जोरात, मीही विसरलो. १८ फेब्रुवारीला कंपनीकडूनच फोन, अतिशय गोड आवाजात. फेरविचार केलाय, ७८,९५० ला मान्य असेल तर तडजोडीचं पत्र पाठवा, सुनावणीची गरज राहणार नाही. ५,६५० कमी होते : किरकोळचे ३,१०० आणि औषधांच्या बिलातले न मिळणारे २,५५०. कपातीचा तक्ता मागवला, जुळवला, पटला, हो म्हणालो. ३ मार्चला खात्यात जमा. त्याच संध्याकाळी मेव्हण्याला पाठवले.

माझा वरखर्च गाडी, रेल्वे, झेरॉक्स, स्टॅम्प, पोस्ट धरून साधारण ८,७०० आणि सात दिवसांच्या रजा. सलाईन लावून संध्याकाळी घरी आणलं असतं तर गाडीसकट त्यापेक्षा फार जास्त झालं नसतं.

इथे हे संपायला हवं होतं. यंदा नूतनीकरणाचा आकडा आला ५२,०००. सप्टेंबर २०२५ पासून हप्त्यावरचा जीएसटी गेला, तरी एवढा. २०२१ ला ३१,४०० होता. म्हणून पॉलिसी दुसऱ्या कंपनीत हलवायला, म्हणजे पोर्ट करायला, अर्ज केला. अर्जात प्रश्न : गेल्या पाच वर्षांत रुग्णालयात दाखल झाला होता का? निदान काय? जुन्या क्लेमची नोंद नव्या कंपनीला दिसतेच, त्यामुळे कागदावर आहे तेच लिहावं लागतं. मी लिहिलं. निदान म्हणून नुसता "ताप" असं क्लेमच्या नोंदीत आता उरलेलं नाही.

गेल्या आठवड्यात त्यांच्या डॉक्टरांचा फोन आला, पेशंटशीच बोलायचंय म्हणाले. फोन स्पीकरवर टाकून अण्णांच्या हातात दिला. मी खुणा करत होतो, की विचारतील तेवढंच सांगा.

"काका, तुम्हाला मागच्या वर्षी सेप्सिस झाला होता का?"

अण्णा सावरून बसले.

"झालता की. लई बेकार असतंय बघा ते. वाचलो म्हणून बोलायलोय तुमच्यासंगं."

पलीकडून टाइप केल्याचा आवाज आला. नंतर मेसेज : एचआरसीटीची सीडी, नवीन रक्त तपासण्या आणि छातीच्या तज्ज्ञांचा दाखला सात दिवसांत अपलोड करावा. सीडी माळ्यावरच्या पेटीत सापडली. तज्ज्ञांची वेळ परवाची मिळालीय, परभणीला.